नऊ वर्षांत नायिकेची आई

'आवारा' पाहिलाच असेल. पूर्ण नाही तर फोनवर तुकड्यातुकड्यांत तरी. त्यात एक जज्जसाहेब आपल्या गरोदर बायकोला घराबाहेर काढतात, कारण डाकूने तिला पळवून नेलं होतं आणि आता पोटातल्या मुलाबद्दल त्यांना शंका आहे. बाहेर काढलेली ती बाई पुढे वस्तीत राहून राज कपूरला वाढवते. तिचा चेहरा तुम्ही बघितलेला असतो, नाव मात्र बहुतेकांना सांगता येत नाही. 'हिंदी सिनेमातली ती जुनी गरीब आई', एवढीच ओळख.

त्या बाईंचं नाव लीला चिटणीस. आणि 'आवारा'च्या जेमतेम दहा वर्षं आधी, 1941 साली, लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय तारका तीच होती. त्याआधी त्या जागी हॉलिवूडच्या गोऱ्या नट्या असायच्या.

लीलाबाईंचा जन्म 1909 सालचा, धारवाडचा. वडील इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक. कोवळ्या वयात लग्न झालं, नवरा डॉक्टर आणि वयाने बराच मोठा. घरात राजकारणाचं वारं होतं. इंग्रज सरकारला हवे असलेले मानवेंद्रनाथ रॉय यांना या जोडप्याने धोका पत्करून आपल्या घरी आसरा दिला होता. पुढे संसार मोडला. पदरी चार मुलगे. बाई बी. ए. झालेल्या होत्या, म्हणून शाळेत शिकवू लागल्या. 'नाट्यमन्वंतर'वाल्यांच्या बरोबर रंगभूमीवर आल्या, 'उसना नवरा'मध्ये दिसल्या. मग सिनेमा. एकटीने चार मुलं वाढवायची तर पैसा लागतो, आणि शाळेच्या पगारात तो नव्हता.

इथे जरा थांबू, कारण पुढची गंमत मला फार बोलकी वाटते. 1937 साली 'जेंटलमन डाकू' आला. त्यात लीलाबाई पुरुषी पोशाखात वावरणाऱ्या डाकूच्या भूमिकेत होत्या. जाहिरातीत मात्र भर डाकूवर नव्हता. 'महाराष्ट्रातली पडद्यावर आलेली पहिली पदवीधर सोसायटी लेडी' अशी त्यांची जाहिरात झाली. चांगल्या घरच्या बायका सिनेमात जात नाहीत, हा त्या काळचा ठाम समज. दुर्गा खोटेंनी 1932 साली तो हलवला होता, पण मोडला नव्हता. त्यामुळे बी. ए. ही दोन अक्षरं निर्मात्यांना सोन्यासारखी वाटली. बाईंची पदवी त्यांच्या स्वतःच्या कष्टाची, पण तिकीटबारीवर ती कुणीतरी दुसऱ्याने वटवली.

तोवर मराठीत मास्टर विनायकांचा 'छाया' झाला होता. पुढे सोहराब मोदींचा 'जेलर' केला. मग 1939 साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा 'कंगन' आला. देविकाराणीच्या जागी आता लीला चिटणीस, समोर अशोककुमार. 'कंगन', 'बंधन', 'झूला' असे तीन सिनेमे पाठोपाठ गाजले. 'कंगन'च्या वेळी बाई तिशीच्या होत्या, चार मुलांची आई होत्या आणि हिरोपेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. तरी प्रेक्षकांना त्याचं काही वाटलं नाही. डोळ्यांनी बोलायचं कसं हे आपण लीला चिटणीसकडून शिकलो, असं अशोककुमारने पुढे कबूल केलं.

आता पुढचा हिशेब. 1948 साली 'शहीद' आला आणि त्यात लीलाबाई दिलीपकुमारच्या आई झाल्या. दिलीपकुमार त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान. म्हणजे 'कंगन'पासून 'शहीद'पर्यंत फक्त नऊ वर्षं. त्याच्या पुढच्याच वर्षी, 1949 साली, 'महल' आला. त्यात अडतीस वर्षांच्या अशोककुमारसमोर नायिका कोण, तर सोळा वर्षांची मधुबाला! जोडी एकच होती, पण एकजण हिरोच राहिला आणि दुसरीच्या अंगावर पांढरी साडी आली.

आजही हेच चालतं, असं म्हणाल. खरं आहे. पण मला यात आणखी एक गोष्ट दिसते. आईची भूमिका बाईंनी नुसती पत्करली नाही, तिला साचा दिला. सोसणारी, मुलावर जीव टाकणारी, भल्याबुऱ्याचं भान असलेली. 'नया दौर', 'साधना', 'काला बाजार', 'गंगा जमना' या सगळ्यांत ती आई आहे. निरुपा रॉय त्याच वाटेने पुढे गेल्या. मला स्वतःला यातलं बरंचसं एकसुरी वाटतं. मात्र बाईंचा चेहरा स्थिर असतो तेव्हा दृश्य तोलून धरलं जातं. रडायला लागल्या की संपलं.

मधे एकदा त्यांनी कॅमेऱ्याच्या मागेही उभं राहून पाहिलं. 1955 सालच्या 'आज की बात'चं दिग्दर्शन त्यांचं. त्याच काळात पडद्यावर मात्र आईचीच कामं येत राहिली.

आणि 1965 सालचा 'गाइड'. राजू गाइडने रोझीला घरात आणलंय. रोझी नाचणारी, त्यात दुसऱ्याची बायको, नवऱ्याला सोडून आलेली. राजूच्या आईला हे सोसत नाही. शेवटी ती आपल्या भावाबरोबर घर सोडून निघून जाते. ही आई लीला चिटणीस. नवऱ्यापासून वेगळी होऊन, मुलांसाठी तोंडाला रंग लावून रंगभूमीवर उभी राहिलेली बाई पडद्यावर रोझीला नाकारत होती. त्या क्षणी बाईंच्या मनात काय आलं असेल? मी ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं. चेहऱ्यावर काही सापडत नाही. राजूची आई आहे, बस.

1981 साली 'चंदेरी दुनियेत' हे त्यांचं मराठी आत्मचरित्र आलं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी काम थांबवलं आणि अमेरिकेला मुलांकडे गेल्या. 14 जुलै 2003 रोजी कनेक्टिकट राज्यातल्या डॅनबरी गावी, एका वृद्धाश्रमात त्या वारल्या. अशोककुमार दीडेक वर्ष आधी, डिसेंबर 2001मध्ये गेला होता.