ग्लूटेनमुक्त सँडविच: पावाची गोष्ट

बेकन म्हणजे मीठ लावून मुरवलेले, कधी धुरी दिलेले डुकराचे मांस. त्यात ग्लूटेन हे गव्हातले प्रथिन मुळात नसते. ग्लूटेनमुक्त बेकन सँडविचचा इतिहास म्हणूनच पावाचा इतिहास आहे, आणि तो बराचसा लहान मुलांच्या रुग्णालयांत घडला.

ग्लूटेन ज्यात बाधतो त्या सीलियाक विकारात मुलांचे पोट फुगते, हातपाय काड्यांसारखे होतात आणि जुलाब थांबत नाहीत. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी 1888 मध्ये या विकाराचे नेमके वर्णन केले आणि बरे व्हायचे तर ते आहारानेच, असे मत मांडले. रोज डच शिंपल्या खाणारे एक मूल बाळसे धरू लागल्याचे त्यांनी नोंदवले. शिंपल्यांचा हंगाम सरताच दुखणे उलटले. 1924 मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुचवला. त्या पथ्यात पाव वर्ज्य होता, पण श्रेय गेले केळ्यांना.

खरा दोषी सापडला हॉलंडमध्ये. हेगचे बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांना 1930 च्या दशकापासूनच गव्हाचा संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला आणि माणसे ट्युलिपचे कंद उकडून खाऊ लागली. त्या उपासमारीत सीलियाकची मुले मात्र सुधारली. पाव पुन्हा मिळू लागताच ती परत आजारी पडली. 1950 मध्ये डिके यांनी उट्रेख्ट विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात गव्हाचा दोष सप्रमाण दाखवला. 1952 मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी गव्हातला स्टार्च आणि ग्लूटेन वेगळे करून तपासले. बाधतो तो ग्लूटेन, हे तेव्हा ठरले. राय आणि बार्ली या धान्यांतली तशीच प्रथिनेही बाधतात.

पथ्य ठरले, पण पावाचा प्रश्न उरला. गव्हाची कणीक ताणली जाते ती ग्लूटेनमुळे. ज्वारी-बाजरीत तो नसतो; म्हणून गव्हाची पोळी लाटता येते, पण भाकरी गरम पाण्यात पीठ मळून थापावी लागते. पाव फुगताना यीस्टने सोडलेला वायू याच ग्लूटेनच्या जाळ्यात अडकतो. जाळे नसेल तर पाव बसका होतो आणि त्याचा भुगा पडतो. पुढे जीवाणूंपासून बनणारा झँथन गम आला. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या अखेरीस तो खाद्यपदार्थांत वापरायला मान्यता मिळाली. त्याने तांदूळ, बटाटा, मका यांचे पीठ बांधून ठेवले जाते; इसबगोलाचा भुसाही तेच काम करतो. अशा पावाचे पीठ मळत नाहीत; भज्याच्या पिठाहून दाट भिजवून साच्यात ओततात.

घरी सँडविच करताना हाच इतिहास हाताशी येतो. हा पाव लवकर कोरडा पडतो, म्हणून काप बेकनच्या सुटलेल्या चरबीत परततात. टोस्टर, सुरी आणि लोण्याची वाटी वेगळी ठेवतात, कारण नेहमीच्या पावाचा चुराही बाधतो. बेकन आणि सॉसच्या वेष्टनावरची यादी वाचावी लागते. काही सॉसमध्ये बार्ली किंवा राय असते. आंतरराष्ट्रीय खाद्यमानकानुसार ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.