१४. लोकजैवविविधता नोंदवही

गावच्या हद्दीतील वनस्पती, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान टिपणारे दप्तर. संकल्पना मुख्यत्वे माधव गाडगीळ यांची. १९९२च्या जैवविविधता करारावर सही भारत सरकारची, तेव्हा राज्याचा संबंध काय, असा आक्षेप निघतो. पण २००२च्या जैवविविधता कायद्याने राज्याला मंडळ नेमायला लावले (महाराष्ट्राचे २०१२मध्ये, नागपूरला) आणि ग्रामपंचायतीला समिती; नोंदवही त्या समितीने लिहायची. राष्ट्रीय हरित अधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून पुढे राज्यांवर दरमहा १० लाखांचा भुर्दंड ठरवला, तेव्हा कुठे वह्यांची लगबग उडाली. वह्या ‘कागदोपत्री’ असल्याची टीका त्या घाईपुरती रास्त. मात्र औषधी वनस्पती नेणाऱ्या कंपनीकडे गावाने लाभाचा वाटा मागायचा, तर हीच नोंद कामी येते.