स्पार्टाचा तट

प्राचीन ग्रीसमधील स्पार्टा या नगरराज्याभोवती दीर्घकाळ तट नव्हता. शूर पुरुष हाच नगराचा तट, अशी तेथील धारणा होती. सातव्या वर्षी मुलगा आईपासून दुरावून राज्याच्या शिक्षणाखाली जाई. विवाह झाला तरी तिशीपर्यंत त्याचा मुक्काम सैनिकी निवासातच असे. भोजन सामुदायिक पंक्तीत होई. पंक्तीचा शिधा ज्याला देता येत नसे, त्याचे नागरिकत्वच जाई.

हा शिधा पिकवीत कोण? हेलॉट नावाचे भूदास. त्यांच्या घामावर स्पार्टाची शिस्त उभी होती. त्यांच्या हत्येचे पातक लागू नये म्हणून एफर हे अधिकारी दरवर्षी त्यांच्याविरुद्ध युद्ध पुकारीत!

इ. स. पूर्व ४८० च्या सुमारास स्पार्टाचे नागरिक-योद्धे सुमारे ८,००० होते, असे हिरॉडोटस सांगतो. पुढे जमिनी मोजक्या हातांत गेल्या आणि पंक्ती विरळ झाल्या. इ. स. पूर्व ३७१ मध्ये ल्यूक्ट्राच्या रणांगणात अवघे ७०० उतरले. त्यांतील ४०० पडले. माणसांच्या तुटवड्यामुळे स्पार्टाला एक आघातही सोसला नाही, असा निष्कर्ष ॲरिस्टॉटलने काढला.

माणसे मात्र शिवारात हजारोंनी राबत होती. स्पार्टाने त्यांना आपले मानले नव्हते, एवढेच.