प्रिडेन कथामाला

प्रिडेन कथामाला : अमेरिकन साहित्यिक लॉइड अलेक्झांडर (१९२४–२००७) यांची, वेल्समधील केल्टिक पुराणकथांवर आधारलेली, कुमारवयीन वाचकांसाठीची पाच खंडांची अद्भुतरम्य कादंबरीमाला (१९६४–६८). दुसऱ्या महायुद्धात सैनिकी प्रशिक्षणानिमित्त वेल्समध्ये तैनात असताना तेथील दुर्गांचा व भूप्रदेशाचा जो संस्कार लेखकाच्या मनावर झाला, त्याचेच हे परिपक्व फळ होय.

प्रिडेन या कल्पित भूमीतील, वराहपालाचा साहाय्यक असलेला अनाथ तारान आणि मांत्रिक कुळातील राजकन्या आयलॉनवी यांच्या प्रवासातून कथानक उलगडते. ‘मॅबिनोगियन’ या मध्ययुगीन वेल्श कथासंग्रहातील मृतांना जिवंत करणारी कढई येथे मूक, अवध्य सैनिक निर्माण करते. तर मुळात उदारचरित असलेला परलोकाचा राजा अरॉन येथे दुष्ट सत्ताधीश ठरतो. मोर्वाच्या दलदलीत राहणाऱ्या ऑर्डू, ऑर्वेन आणि ऑर्गॉक या तीन चेटकिणी ही या मालेतील सर्वांत अर्थगर्भ निर्मिती होय. मागावर मानवी जीवनपट विणणाऱ्या या वृद्धा मोबदल्यावाचून काहीही देत नाहीत, आणि कढईसाठी तारानला ज्ञानदायी ब्रोच गमवावा लागतो. जादूची सिद्धी त्यागावाचून लाभत नाही आणि थोरवी जन्मावर नव्हे, तर आचरणावर अवलंबून असते, हे सूत्र मालेत आद्यंत ओवलेले आहे. म्हणूनच अखेरीस आयलॉनवी स्वेच्छेने आपल्या मंत्रशक्तीचा त्याग करते.

‘द हाय किंग’ या अंतिम खंडास १९६९ चे न्यूबेरी पदक लाभले. पहिल्या दोन खंडांवर आधारित डिझ्नीचा व्यंगचित्रपट १९८५ मध्ये प्रदर्शित झाला.