मातीविना टोमॅटो : मर टळते, पण मापात चूक चालत नाही

गोव्यात आणि कोकणात टोमॅटोचे हिरवेगार झाड फळावर आल्यावर दोन-चार दिवसांत मान टाकते. हा जिवाणूजन्य मर रोग. जिवाणू मातीत टिकून राहतो आणि लागण झालेले झाड वाचवणारे खात्रीचे औषध नाही. त्यामुळे शेडनेट किंवा पॉलिहाऊसमध्ये कोकोपीटच्या पिशव्या मांडून, ठिबकमधून खतपाणी देऊन टोमॅटो घेणे हा एक पर्याय ठरतो.

पद्धत नवी नाही. १९३० च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम गेरिक यांनी टाकीतल्या द्रावणावर टोमॅटोची उंच झाडे वाढवली. त्याच विद्यापीठातील होगलंड आणि अर्नन यांनी १९३८ मध्ये पोषक द्रावणाची माहिती पुस्तिकारूपाने दिली. मात्र चांगल्या मातीपेक्षा यात फार जादा पीक येते, हा दावा त्यांनी मान्य केला नाही.

द्रावण कसे असते?

फळधारणेच्या काळासाठी १,००० लिटर पाण्याचे एक नमुना प्रमाण असे :

- कॅल्शियम नायट्रेट – ८०० ग्रॅम
- पोटॅशियम नायट्रेट – ४०० ग्रॅम
- मोनो पोटॅशियम फॉस्फेट – २०० ग्रॅम
- मॅग्नेशियम सल्फेट – ५०० ग्रॅम
- चिलेटेड लोहासह सूक्ष्म अन्नद्रव्ये – पाकिटावरील मात्रेनुसार

आपल्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आधीच किती आहे, ते तपासून हे प्रमाण कमी-जास्त करावे लागते. बोअरचे पाणी असेल तर तपासणीशिवाय सुरुवात करू नये.

घट्ट द्रावण साठवायचे असेल तर टाक्या दोन हव्यात. कॅल्शियम नायट्रेट एकीत, सल्फेट आणि फॉस्फेटची खते दुसरीत. एकत्र केल्यास पांढरा साका तळाशी बसतो, ड्रिपर चोंदतात आणि झाडाला अन्न मिळत नाही.

रोज काय पाहायचे?

द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ ठेवावा. क्षारांचे माप म्हणजे ईसी. ते लहान रोपांना दीडच्या आसपास आणि फळांच्या काळात २ ते ३ पर्यंत असावे. दिलेल्या पाण्यापैकी २० ते ३० टक्के पाणी पिशवीतून खाली निचरले पाहिजे. निचऱ्याचा ईसी दिलेल्या पाण्यापेक्षा बराच वाढला, तर पिशवीत क्षार साचताहेत असे समजावे.

फळाचे बूड काळे पडून खोलगट झाले, तर तो बहुतेकदा रोग नसतो. फळापर्यंत कॅल्शियम पोहोचलेले नसते. पाण्याच्या पाळ्या अनियमित असणे किंवा ईसी जास्त असणे हे त्याचे नेहमीचे कारण. नुसते कॅल्शियम वाढवून हे सुटत नाही.

धोका कुठे आहे?

मातीत एखादी पाळी चुकली तरी जमीन सांभाळून घेते. पिशवीत तसे होत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी वीज गेली आणि पंप काही तास बंद राहिला, की झाडे माना टाकतात. म्हणून उंचावरची टाकी किंवा इन्व्हर्टर आधीच बसवलेला बरा. शिवाय मर पूर्ण हद्दपार होत नाही. रोगट रोप, दूषित पाणी किंवा चिखलाच्या चपलांबरोबर तो आत येऊ शकतो.

थोडक्यात, ज्यांच्या जमिनीत मर मुरली आहे, त्यांना हा खर्च परवडतो का, याचा हिशेब घालून पाहता येईल. जमीन निरोगी असेल, तर ठिबक आणि आच्छादनावरचा टोमॅटोच स्वस्त पडतो.