पनवेल परिसरातील स्थानिक अस्मिता

रायगड जिल्ह्यातील पनवेल शहर, भोवतालची गावे आणि नव्या वसाहती येथील रहिवाशांत गावाविषयी असलेली आपलेपणाची व हक्काची जाणीव. ही अस्मिता एकसंध नाही. जुने शहर, भूसंपादन झालेली गावे आणि सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाच्या वसाहती यांच्या वेगवेगळ्या अनुभवांतून तिचे तीन प्रवाह घडले.

जुने शहर : गाढी नदीकाठचे पनवेल हे मुंबई, कोकण व घाटमाथा यांना जोडणारे खाडीबंदर आणि व्यापारी पेठ होते. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. पेठेत हिंदू व मुस्लिम समाजांबरोबर बेने इस्राएल या ज्यू समाजाचीही वस्ती होती. बेथ एल सिनेगॉग व इस्राएल तलाव ही तिची चिन्हे होत. पिढ्यानपिढ्यांच्या अशा शेजारातून ‘पनवेलकर’ ही ओळख तयार झाली. १८४५ साली जवळच्या शिरढोण गावी जन्मलेले आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके हे या परिसराचा समान अभिमानविषय आहेत.

प्रकल्पग्रस्त गावे : १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. आगरी, कोळी व कराडी समाजांची भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर त्याचा थेट परिणाम झाला. जातीची व गावकीची जुनी ओळख कायम राहिली. पण ‘प्रकल्पग्रस्त’ व ‘भूमिपुत्र’ या नात्याने गावे प्रथमच एकत्र आली. जासईचे दिनकर बाळू ऊर्फ दि. बा. पाटील (१९२६–२०१३) हे त्यांचे नेते. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण या लढ्यातून आले. दरवर्षीच्या हुतात्मा अभिवादनामुळे लढा न पाहिलेल्या पिढीपर्यंतही ही स्मृती पोचते.

नव्या वसाहती : नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे व खारघर येथे घाटावरून, कोकणातून व परप्रांतांतून आलेली कुटुंबे स्थायिक झाली. त्यांची ओळख बहुधा मूळ गाव, राहती सोसायटी आणि नवी मुंबई यांत विभागलेली असते. २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेने शहर, वसाहती व २९ गावे एका कारभाराखाली आणली. तरीही जिल्हा रायगड, पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचे आणि लोकसभा मतदारसंघ मावळ, अशी सरमिसळ कायम आहे.

नामकरणाची चळवळ : पनवेल तालुक्यातील आंतरराष्ट्रीय विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव मिळावे, यासाठी जून २०२१ मध्ये मानवी साखळी व सिडको भवनावर मोर्चा झाला. २०२२ साली विधिमंडळाने तसा ठराव केला. येथे नाव देणे म्हणजे ज्यांच्या शेतांवर नवे शहर उभे राहिले, त्यांच्या त्यागाची जाहीर दखल घेणे, अशी प्रकल्पग्रस्तांची भूमिका आहे.