राईस मिलच्या शेडमधली टाटा एस्टेट

धागा जरा लांब आहे. या वेळी विषय किल्ल्याचा नाही, ताम्रपटाचा नाही. एका जुन्या मोटारीचा आहे. पण वाचून झाल्यावर तो इतिहासाचा नव्हता असे कुणी म्हणणार नाही, अशी आशा आहे.

तिरोडा तालुक्यातील एका बंद पडलेल्या राईस मिलच्या शेडमध्ये ती उभी होती. चारही टायर बसलेले, टपावर कोंड्याचा जाड थर, मागच्या काचेवर कुणीतरी बोटाने काढलेले नाव. माझे मामा बरीच वर्षे ‘लांब गाडी’ शोधत होते: सहा माणसांचे सामान मावेल, जीपसारखी हाडे खिळखिळी करणार नाही आणि देवरीच्या महामार्गावर ट्रक ओलांडताना जिला धाप लागणार नाही, अशी. मिलमालकांनी आरसी पुस्तक हातात दिले. नोंदणी १९९३ ची. पत्त्याच्या रकान्यात ‘ता. तिरोडा, जि. भंडारा’. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे ही गाडी आमच्या जिल्ह्याहून वयाने मोठी. मामांनी किंमत विचारली. मी वही काढली.

आधी या जातीच्या गाडीचे नाव पाहू. ‘स्टेशन वॅगन’ हा शब्द अमेरिकेतला, आणि त्यातले स्टेशन म्हणजे रेल्वे स्टेशनच. आगगाडीतून उतरलेले प्रवासी आणि त्यांच्या पेट्या घरी किंवा हॉटेलात पोहोचवणाऱ्या लाकडी सांगाड्याच्या गाड्या तिथे होत्या. त्यांना ‘डेपो हॅक’ही म्हणत. फोर्डने १९२९ मध्ये अशी गाडी कारखान्यातूनच तयार करून विकायला सुरुवात केली. इंग्लंडात हीच गाडी जमीनदारांच्या इस्टेटीवर कुत्री, बंदुका आणि पाहुणे वाहू लागली, म्हणून तिचे नाव ‘एस्टेट’ पडले. गोंदियासारख्या जंक्शनच्या गावाला वास्तविक पहिले नाव शोभले असते. पण पुण्याच्या कारखान्याने दुसरे निवडले.

पुण्याचा कारखाना म्हणजे टेल्को, आजची टाटा मोटर्स. १९४५ मध्ये जमशेदपूरला स्थापन झालेल्या या कंपनीच्या मूळ नावात ‘लोकोमोटिव्ह’ हा शब्द होता, कारण आरंभ वाफेच्या इंजिनांनी झाला. १९५४ पासून जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी सहकार्य करून तिने ट्रक बनवले. तो करार १९६९ मध्ये संपला. पुढे १९८८ मध्ये टाटामोबाइल हा पिकअप आला, आणि त्याच पायावर १९९१ मध्ये सिएरा व १९९२ मध्ये एस्टेट उभी राहिली. एस्टेटची बाजू पाहिली की जुन्या मर्सिडीझ एस्टेटची आठवण येतेच. तेवीस वर्षांपूर्वी संपलेल्या नात्याची ती सावली असावी, असे मला वाटते; हा माझा तर्क, पुरावा नव्हे.

वर्षांकडे नीट पाहा. औद्योगिक परवाना पद्धत मोडीत काढणारे धोरण जुलै १९९१ चे, आणि मोटारगाड्यांवरची परवान्याची अट उठली १९९३ मध्ये. एस्टेट या दोन तारखांच्या मधली. देशात ॲम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० यांचे राज्य असताना तिच्यात विजेवर चालणाऱ्या काचा होत्या, टॅकोमीटर होता, पाच गिअर होते. हौसेची गाडी देशात बनवता येते हे सिद्ध करण्याचा तो धाडसी, थोडासा घाईचा प्रयत्न होता.

आणि तो फसला.

का फसला, याचे उत्तर अनेकदा ‘भारतीयांना वॅगन आवडत नाही’ एवढ्यावर संपवतात. मला ते अपुरे वाटते. बाहेर डोकावणारी डिक्की हे आपल्याकडे प्रतिष्ठेचे लक्षण होते, आणि सपाट पाठीची गाडी पाहून रुग्णवाहिका आठवे, हे खरेच. पण एस्टेटला खरा धक्का तिच्या घरातूनच बसला. १९९४ मध्ये टेल्कोने त्याच कुळातली सुमो आणली, सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरे जोडून नाव दिलेली. तेच १९४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, आणि माणसे दहा. तीन वर्षांत एक लाखाहून अधिक सुमो विकल्या गेल्या. आमच्याकडे लग्नाचे वऱ्हाड आणि नागपूरच्या दवाखान्याची फेरी सुमोनेच होई. एस्टेटमध्ये पाच माणसे ऐसपैस बसत. पण ऐसपैस बसणे ही आमची गरज कधी नव्हतीच.

योगायोग असा की युरोपात १९९४ हेच वेगवान वॅगनचे सुवर्णवर्ष ठरले. ऑडीने पोर्शच्या मदतीने ३१५ अश्वशक्तीची आरएस२ अवांत बाजारात आणली, आणि व्हॉल्वोने ८५० एस्टेट थेट ब्रिटिश टूरिंग कार शर्यतीत उतरवली. सामानाची गाडी शर्यतीत धावताना पाहून प्रेक्षक हसले, असे सांगतात. आपल्याकडे ‘वेगवान वॅगन’ म्हणावी अशी गाडी शतक संपता संपता आली: मारुतीची बलेनो अल्टुरा, १५९० घनसेंटिमीटर, ९४ अश्वशक्ती, वजनाने हलकी. त्याच सुमारास हालोलहून ओपेल कोर्सा स्विंग आणि कुर्ल्याहून फियाट सिएना वीकएंड आली. २००४ मध्ये पुण्याहून इंडिगो मरीना. एकीनेही मूळ धरले नाही. मामांना खरे तर अल्टुराच हवी होती. नागपुरात दोन पाहिल्या. एकीची पुढची चौकट अपघातानंतर वेल्डिंग करून जोडलेली होती. दुसरीचे मागचे दार कुजले होते, आणि त्याला पर्याय कुठेच मिळेना.

एस्टेट मात्र घेता आली. ती का, हे तिच्या इंजिनाच्या सांकेतिक क्रमांकात दडले आहे.

इंजिनाचे नाव ‘४८३ डीएल’. शिलालेख वाचताना अक्षरे फोडतो तशी ही संख्या फोडा: ४ म्हणजे चार सिलिंडर, ८३ म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दट्ट्याचा पल्ला ९० मिलिमीटर धरून गणित करा, १९४८ घनसेंटिमीटर बरोबर येतात. टाटांचे पुढचे ‘४९७’ इंजिनही याच रीतीने वाचता येते. ४८३ हे सुमोत होते, म्हणून त्याचे पिस्टन, गॅस्केट, क्लच प्लेट आजही मिळतात. ज्या सुमोने एस्टेटला बाजारातून घालवले, तिच्याच सुट्या भागांवर आज एस्टेट जगते. यंत्र उरते, आकार मरतो: मागच्या दिव्यांची काच, दाराची रबरे, बाजूची लांब खिडकी, म्हणजे जे केवळ एस्टेटचे होते, ते शोधून सापडत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना आधी इंजिन ऐकू नका. आधी काचा, दिवे आणि पत्रा पाहा. इंजिन दुरुस्त होते.

पत्र्याने आमचा घात केलाच. पूर्वीच्या कुठल्याशा वर्कशॉपने दारांखालच्या पट्ट्यांतील गंज न कापता त्यावर पुट्टी थापून रंग मारला होता. लोहचुंबक लावले तर चिकटेना. आमच्या भागातला पाऊस आणि ओला कोंडा मिळून लोखंडाचे काय करतात, ते स्क्रू ड्रायव्हरने टोचल्यावर कळले. पायदान आरपार. सुदैवाने खालची चॅसी, जिच्यावर सारा भार, ती शाबूत होती. चॅसी क्रमांक आरसीशी जुळला, इंजिनाचाही जुळला, बँकेच्या कर्जाची नोंद नव्हती. त्यानंतरच व्यवहार झाला.

मग सुरू झाले ते माझ्या लेखी उत्खनन. रंग घासताना पांढऱ्याखाली मरून निघाला, आणि आरसीवरही मरूनच लिहिलेला होता. एका टायरवर ‘२३१२’ हे चार आकडे: २०१२ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीवर त्याहून जुना आकडा. गालिच्याखाली धानाचे दाणे, आणि आसनाच्या फटीत तेंदूपानाच्या हंगामातली एक विटलेली पावती. म्हणजे हौसेची ही गाडी शेवटी पोतीच वाहत होती. जाहिरातीत ती कुणासाठी होती हे कागदावर सापडते. ती खरोखर कुणाची झाली, हे गालिच्याखाली.

मिस्त्रींनी डिझेल पंप सोडवून नागपूरला कॅलिब्रेशनसाठी पाठवला. नॉझल बदलले, रेडिएटर साफ करून घेतला, ब्रेकचे सारे सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या टाकल्या. तेव्हा वाद निघाला. मिस्त्री म्हणाले, “भाऊ, याच्यात टर्बोवाली सुमोचं इंजिन बसवू. मग पहा कशी पळते!” बोलणे चुकीचे नव्हते. १९९७ च्या सुमारास टेल्कोने याच ४८३ ला टर्बो जोडून सुमारे ९० अश्वशक्ती काढली होती. मूळ इंजिनाची ताकद ७० च्याही आतली. मामांचे डोळे चमकले. युरोपात जी गाडी स्वप्नात होती, ती तिरोड्यात तयार होणार होती.

मी विरोध केला, आणि माझा विरोध थोडा पोथीनिष्ठ होता हे आज कबूल करतो. हेमाडपंती देवळाची डागडुजी करताना नवा दगड ओळखू यावा असा ठेवतात, मग इथे मूळ हृदयच कसे बदलायचे, असे मी म्हणालो. मामा शांतपणे म्हणाले, “देऊळ तुला बघायचं आहे. गाडी मला चालवायची आहे.” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. अजूनही नाही. वापरात असलेली वस्तू बदलते, आणि ते बदलणे हाही तिचा इतिहासच असतो. १९९३ वर तिला गोठवून ठेवणे ही माझी हौस होती.

निकाल अखेर कायद्याने दिला. इंजिन बदलायचे तर आरटीओची पूर्वपरवानगी लागते आणि आरसीवर नोंद करावी लागते. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी २००८ मध्ये, मग २०१३ व २०१८ मध्ये वाढवलेली. २०२३ मध्ये ती पुन्हा संपत होती. नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले, पर्यावरण कर वेगळा. तपासणीत नापास झाली तर मामांच्या हाती भंगार उरणार. अशा वेळी क्रमांक न जुळणारे इंजिन घेऊन निरीक्षकासमोर जाण्याचे धाडस मामांनाही झाले नाही. टर्बो पुढे ढकलला गेला.

तपासणीच्या सकाळी हॅन्डब्रेक ढिला निघाला. कार्यालयाच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, मिस्त्रींनी गाडीखाली झोपून तार आवळली. गाडी पास झाली. फॉर्म २९ आणि ३० भरले, आणि काही आठवड्यांनी नवी आरसी आली. पत्त्याच्या रकान्यात आता ‘जि. गोंदिया’ आहे, इंजिन क्रमांक तोच.

चढावर ती अजूनही दुसरा गिअर मागते. मामांनी टर्बोचा विषय सोडलेला नाही, आणि मी आता पूर्वीइतक्या जोरात विरोध करत नाही. मागच्या उजव्या दिव्याची काच मात्र अजून तडकलेलीच आहे. विदर्भात कुणाच्या अंगणात, गोठ्यात, मिलच्या शेडमध्ये एस्टेट पडून असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी मला एक निरोप द्या.